तळापर्यंत काय पोचतं?

रोपांच्या मत्स्यटाकीत मॉन्टे कार्लो या बुटक्या रोपाचं भरगच्च कार्पेट, म्हणजे तळभर पसरलेली हिरवळ, तळापासून सुटायला लागतं तेव्हा सुरुवातीला ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मागच्या बाजूला, दगडाच्या आडोशाला, हिरवळीला जरासा फुगवटा येतो. त्याखाली बुडबुडे साठलेले असतात, पण समोरून पाहणाऱ्याला वाटतं, वा, काय दाट झालंय! मग एखाद्या दिवशी, दिवे लागून चार-पाच तास झाले की जुन्या भिंतीवरचा रंगाचा पापुद्रा सुटावा तसा वीतभर तुकडा अलगद सुटतो आणि पाण्याच्या पृष्ठभागाला जाऊन टेकतो. उलटा करून पाहिला तर वरचा सेंटिमीटरभर थर हिरवागार. त्याखाली दोन-अडीच सेंटिमीटर नुसता तपकिरी, बिनपानांच्या काड्यांचा गुंता. मुळं आहेत, पांढरीशुभ्र आणि ताजी आहेत, पण ती मातीत उतरलेलीच नाहीत. आपल्याच जुन्या, मेलेल्या थरात ती रुतून बसली आहेत. हे दृश्य डोक्यातून जात नाही, कारण त्या टाकीत कमी असं काहीच नसतं. दिवा चांगला, गॅस (म्हणजे रोपांसाठी पाण्यात सोडलेला कार्बन डायऑक्साइड) व्यवस्थित, खत वेळेवर, पाणी दर आठवड्याला बदललेलं. सगळं मुबलक असतं. फक्त ते वरच्या सेंटिमीटरभरातच संपत असतं.

कार्पेट लावण्यातला आणि टिकवण्यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न शेवटी एवढाच उरतो: तळापर्यंत काय पोचतं?

टाकीतली सगळ्यात अवघड जागा म्हणजे तळ. दिव्यापासून सगळ्यात लांब, प्रवाह सगळ्यात मंद, मोठ्या झाडांची आणि दगडांची सावली तिथेच पडणार, आणि माशांची घाण, खाण्याचे कण, गळलेली पानंही तिथेच येऊन बसणार. आणि या जागेसाठी आपण निवडतो ती रोपं उजेडाची सगळ्यात भुकेली. यातली बहुतेक मुळात कायम पाण्याखाली राहणारी नाहीत. ओढ्याच्या काठची, पाणथळ चिखलातली, पाणी चढलं की बुडणारी आणि उतरलं की उघडी पडणारी. चिखलावर भरपूर ऊन असतं, उंच जाऊन कुणाशी स्पर्धा करायची नसते, म्हणून ती जमिनीलगत पसरतात. आडवं वाढणं ही त्यांची भरपूर उजेडातली सवय आहे. उजेड कमी पडला की ती सवय सोडून सरळ वर निघतात. ग्लॉसोस्टिग्मा याबाबतीत फार स्पष्टवक्ती. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची ही वनस्पती जपानी टाकी-रचनाकार ताकाशी अमानो यांच्या टाक्यांमुळे जगभरच्या छंदिष्टांपर्यंत पोचली. उजेड पुरेसा असेल तर ती मातीला चिकटून रांगते. कमी असेल तर चार दिवसांत दोन-दोन पानांच्या जोड्या लांब देठांवर उभ्या राहिलेल्या दिसतात. मोजायचं यंत्र जवळ नसेल तर ग्लॉसोच्या दोन पेऱ्यांमधलं अंतर बघावं, तळाशी उजेड किती पोचतोय ते कळतं.

बाकीच्या रोपांचे स्वभावही वेगवेगळे आहेत, आणि निवड करताना फोटोपेक्षा स्वभाव बघावा असं माझं ठाम मत आहे. क्युबातून आलेलं हेमिअँथस कॅलिट्रिकॉइड्स, ज्याला सगळे एचसी म्हणतात, त्याची पानं दोन-तीन मिलिमीटरची आणि मुळं अगदी उथळ. गॅसमधली चढउतार त्याला सगळ्यात आधी बाधते. मॉन्टे कार्लोचं पान थोडं मोठं, मूळ जास्त घट्ट, आणि चुका पोटात घालण्याची तयारीही जास्त. पहिल्यांदा कार्पेट करणाऱ्याने हेच लावावं. हेअरग्रास म्हणजे एलिओकॅरिस. ते दिसायला गवत असलं तरी मोथ्याच्या कुळातलं आहे. ते मातीखालून आडव्या खोडांनी पसरतं आणि दर थोड्या अंतरावर नवा झुबका वर काढतं. त्यामुळे ते एचसीसारखं थरावर थर चढवत नाही, आणि सुटून वर येण्याची भीतीही फारशी नसते. त्याचा त्रास वेगळा: पात्यांच्या जाळीत गाळ अडकतो आणि बाहेर निघत नाही. लिलिओप्सिस रुंद पात्याचं, चिवट, पण सुरुवातीला अंत पाहणारं. युट्रिक्युलारिया ग्रॅमिनिफोलिया ही कीटकभक्षी वनस्पती. हिरवळ अप्रतिम देते, पण खतावलेल्या नव्या मातीत बऱ्याचदा विरघळून जाते, म्हणून माती मुरल्यावर लावलेली बरी.

विकत मिळणाऱ्या ‘कार्पेटच्या बिया’ मात्र घेऊ नयेत. पाकिटावर एचसीचं किंवा हेअरग्रासचं चित्र असतं आणि आत येतं भलतंच काहीतरी. ओल्या मातीत ते आठवड्याभरात तरारून उगवतं, मन हरखून जातं. टाकी पाण्याने भरली की काही आठवड्यांत ते लांबुडकं होतं नाहीतर सडतं, आणि तोवर मुळांनी माती इतकी बांधून ठेवलेली असते की काढायला गेलं की सगळा तळ उसवतो. नवख्या माणसाचा उत्साह असा वाया जाताना बघून खरंच वाईट वाटतं.

मातीचा दाणा एक ते तीन मिलिमीटरचा असावा. चार-पाच मिलिमीटरच्या खड्यांत एचसीचं मूळ पकड घेत नाही, आणि पिठासारख्या बारीक वाळूत काही महिन्यांनी हवा खेळेनाशी होते. भाजलेल्या मातीच्या गोळ्यांची ॲक्वासॉइल हे काम सगळ्यात चांगलं करते: दाणा हलका, पृष्ठभाग खडबडीत, आणि पाण्यातली खतं धरून ठेवण्याची ताकद भरपूर. पुढे चार-पाच सेंटिमीटर आणि मागे आठ-दहा असा उतार दिला की दृश्यालाही खोली येते. ॲक्वासॉइल धुवायची नसते. दाणे फुटून चिखल होतो. नव्या पोषक मातीतून सुरुवातीला अमोनिया सुटतो, म्हणून पहिला आठवडा रोज निम्मं पाणी बदलावं, दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड, तिसऱ्यात दोनदा, आणि मग आठवड्यातून एकदा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे, टाकीत एकही जीव सोडू नये.

लावणीसाठी टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत जेल भरलेल्या कपात वाढवलेली रोपं घेतली तर गोगलगाई आणि शेवाळ सोबत येत नाहीत. कपातली गादी बाहेर काढून जेल कोमट पाण्यात पूर्ण धुवून टाकावी, कारण त्यात साखर असते आणि राहिली तर बुरशी धरते. मग कात्रीने एक-दीड सेंटिमीटरचे तुकडे करावेत. आता जरा हिशेब. साठ सेंटिमीटर लांब टाकीत पुढची वीस सेंटिमीटरची पट्टी भरायची तर क्षेत्र झालं १२०० चौरस सेंटिमीटर. अडीच-अडीच सेंटिमीटरवर एक तुकडा धरला तर जवळपास १९० तुकडे लागतात. एका कपातून साधारण तीस निघतात, म्हणजे सहा ते सात कप. लोक दोन कप आणतात, विरळ टोचतात आणि मधल्या मोकळ्या जागेत शेवाळ वाढतं. सुरुवातीची दाट लावणी हा शेवाळावरचा सगळ्यात साधा इलाज आहे. कप कमीच असतील तर एकेक तुकडा आणखी लहान करावा, पण पट्टीभर सारख्या अंतराने लावावा.

टोचायची पद्धत सांगतो, कारण तरंगून वर येणाऱ्या रोपांपैकी बरीच इथेच बिघडलेली असतात. टाकीत पाणी मातीच्या पातळीपर्यंतच असावं. माती चिंब, पण वर पाणी साचलेलं नाही. बारीक टोकाच्या लांब चिमट्यात तुकडा मुळाशी धरायचा, चिमट्याच्या रेषेत, आडवा नाही. पंचेचाळीस अंशांच्या कोनात खाली न्यायचा, दीड-दोन सेंटिमीटर खोल, इतका की वर फक्त पानांचा शेंडा राहील. मग चिमटा तिथल्या तिथे सरळ उभा करायचा, पकड केसभर सैल करायची आणि हलकेच थरथरवत वर काढायचा, म्हणजे दाणे भोवती कोसळून तुकड्याला धरतात. पकड एकदम मोकळी केली की खड्डा रुंदावतो आणि रोप चिमट्याबरोबर वर येतं. नवशिक्याला तुकडा गाडताना भीती वाटते की हा गुदमरेल. नाही गुदमरत, दोन आठवड्यांत वर डोकावतो. हेअरग्रास लावताना पाच-सात पात्यांचा झुबका घ्यावा आणि लावण्याआधी किंवा लावल्यावर दोन-तीन सेंटिमीटरवर कापून टाकावा. मध्ये मध्ये पाण्याचा फवारा मारत राहावं, पानं फार लवकर वाळतात. शेवटी टाकी भरताना मातीवर प्लॅस्टिकचा कागद किंवा ताटली ठेवून तिच्यावर बारीक धारेने पाणी सोडावं. या कामाला तासभर लागला तरी चालेल. घाईत बादली ओतली तर दिवसभराची लावणी दोन मिनिटांत वर तरंगते.

यानंतरचे तीन आठवडे मन घट्ट ठेवावं लागतं. रोपवाटिकेत ही रोपं बहुधा हवेत वाढवलेली असतात. हवेतल्या पानाला मेणचट आवरण असतं, श्वासरंध्रं असतात. पाण्याखाली त्यांचा काही उपयोग नाही. पाण्याखालचं पान पातळ असतं, वायू थेट पृष्ठभागातून आत घेतं. म्हणून जुनी पानं पिवळी पडतात, पारदर्शक होतात, गळतात आणि रोप नवी काढतं. याला सगळे मेल्ट होणं म्हणतात आणि घाबरून रोप उपटून बघतात. उपटू नये. गळलेली पानं तेवढी नळीने ओढून घ्यावीत आणि शेंड्यांकडे लक्ष ठेवावं. शेंडा हिरवा आणि ताठ असेल तर काम चालू आहे.

हा काळ टाळण्यासाठी काही जण ड्राय स्टार्ट करतात: टाकी न भरता चार ते सहा आठवडे ओलसर मातीत कार्पेट वाढवायचं, वरून पारदर्शक फिल्म ताणायची, रोज पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्यायची, दिवा दहा ते बारा तास. हवेत कार्बन डायऑक्साइड सहज मिळतो, त्यामुळे गॅस न देताही मुळं खोल जातात. उतारावर एचसी लावायचं असेल तर ही पद्धत खरोखर उपयोगी आहे. हेअरग्राससाठी मला तिची गरज वाटत नाही. धोका दोन ठिकाणी. माती अति ओली राहिली तर पानांवर पांढरी, कापसासारखी बुरशी येते. तेवढा भाग लगेच काढावा आणि हवा वाढवावी. आणि दुसरा धोका टाकी भरण्याच्या दिवशी. पानं बदलण्याचा काळ ड्राय स्टार्टने फक्त पुढे ढकलला जातो, टळत नाही. त्यामुळे पाणी भरल्यावर पहिल्या दिवसापासून गॅस भरपूर लागतो.

गॅस हा या सगळ्यातला खरा विषय आहे. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जेमतेम अर्ध्या पीपीएमच्या (दहा लाख भागांत अर्धा भाग) आसपास असतो. कार्पेटला हवा असतो वीस ते तीस. शिवाय पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. पानाला चिकटून पाण्याचा एक स्थिर थर असतो आणि पान त्यातला वायू क्षणात संपवतं. प्रवाहाने तो थर सतत पातळ ठेवला नाही तर टाकीभर गॅस असूनही पान उपाशी राहतं. म्हणून बबल काउंटरमध्ये सेकंदाला किती बुडबुडे जातात या आकड्याला मी फार किंमत देत नाही. ते सिलिंडरमधून काय निघतं ते सांगतं. गवतापर्यंत काय आलं ते सांगत नाही. ड्रॉप चेकर, म्हणजे टाकीत चिकटवायची, रंग बदलून गॅस दाखवणारी छोटी कुपी, त्यापेक्षा प्रामाणिक, पण त्यात ४ डीकेएचचं (डीकेएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) तयार द्रावण घालावं, टाकीचं पाणी नाही. टाकीच्या पाण्यात मातीतली आणि लाकडातली आम्लं असतात आणि ती पीएच आपापल्या परीने खाली ओढतात. ४ डीकेएचच्या द्रावणात पीएच ६.६ म्हणजे ३० पीपीएम, आणि तेव्हा रंग हिरवा दिसतो. निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे जास्त. बहुतेक लोक चेकर वर, पृष्ठभागाजवळ लावतात. तो खाली लावावा, कार्पेटपासून चार बोटं वर आणि डिफ्यूझरच्या (गॅसचे बारीक बुडबुडे करून पाण्यात सोडणाऱ्या तुकड्याच्या) विरुद्ध कोपऱ्यात. तिथे हिरवा दिसला तर सगळीकडे पुरतंय असं समजायला हरकत नाही. रंग बदलायला एक ते दोन तास लागतात, हे लक्षात ठेवून गॅस वाढवावा. पडताळणीसाठी टाकीतलं पाणी ग्लासात भरून दिवसभर उघडं ठेवावं आणि त्याचा पीएच मोजावा. दिवे लागतानाचा टाकीचा पीएच त्यापेक्षा किमान एकने खाली असायला हवा. एकचा फरक म्हणजे विरघळलेला गॅस दहापट.

गॅस दिव्याच्या दीड-दोन तास आधी सुरू व्हावा आणि दिवे मालवण्याच्या तासभर आधी बंद. हे सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) आणि टायमरवर सोपवावं, माणसाच्या आठवणीवर नको. वाढवायचा तर दिवसाला अगदी थोडा, आणि वाढवलेल्या दिवशी माशांसमोर बसून. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले तर लगेच गॅस बंद, एअरपंप चालू आणि मोठा पाणीबदल. हिरवळीसाठी माशांचा जीव टांगणीला लावणं मला कधीच मान्य नाही.

प्रवाह तपासायची सोपी खूण म्हणजे डिफ्यूझरमधून निघणारे बारीक बुडबुडे. ते थेट वर जाऊन फुटत असतील तर बाटलीभर गॅस हवेत चाललाय. फिल्टरचा आउटलेट असा फिरवावा की हे बुडबुडे पाण्याबरोबर समोरच्या काचेवर आपटून खाली वळतील आणि कार्पेटवरून मागे सरकतील. हेअरग्रासची टोकं सगळीकडे किंचित हलत असली पाहिजेत. जिथे हलत नाहीत तिथेच आधी पिवळेपणा येतो, आणि नंतर तिथेच काळं झुपकेदार शेवाळ धरतं. मोठा दगड मध्ये येत असेल तर फिल्टर बदलण्याआधी दगड दोन बोटं सरकवून पाहावा.

दिव्याबद्दल मी थोडक्यात लिहितोय, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त खर्च आणि चर्चा होते. तळाशी पीएआर (रोपांना वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) तीस-चाळीस मायक्रोमोल असेल तर मॉन्टे कार्लो चालतं, एचसी आणि ग्लॉसोला पन्नास ते ऐंशी द्यावं. पहिले तीन-चार आठवडे दिवसाला सहा तास, मग हळूहळू आठ. उजेड भूक ठरवतो. भूक वाढवली आणि गॅस, खत तेवढंच ठेवलं तर उरलेल्या उजेडावर शेवाळ जगतं. कार्पेट वर निघालं की माणसं दिवा वाढवतात. त्याआधी वर तरंगणारी पानं आणि पुढे झुकलेली उंच झाडं कापून पाहावीत.

खताचं तसंच. नवी ॲक्वासॉइल काही महिने मुळांना पुरते, पण दाट कार्पेट पाण्यातूनही बरंच घेतं. नायट्रेट दहा ते वीस पीपीएम, फॉस्फेट एक-दोन, पोटॅशियम दहा ते वीस आणि थोडं लोह, एवढ्या मर्यादेत गाडी नीट चालते. पोटॅशियम नायट्रेट शंभर लिटरला एक ग्रॅम घातलं की नायट्रेट ६.१ आणि पोटॅशियम ३.९ पीपीएमने वाढतं; आठवड्याला निम्मं पाणी बदलणाऱ्याने यावरून आपला डोस काढावा. नवी पानं फिकट येत असतील तर लोहाकडे बघावं, जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडत असतील तर पोटॅशियमकडे, आणि जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर नायट्रेटकडे. शेवाळाच्या भीतीने फॉस्फेट शून्य करणं मला पटत नाही. त्यात शेवाळाआधी कार्पेट उपाशी मरतं.

पहिल्या महिन्यात पानांवर तपकिरी धूळ बसल्यासारखे डायॲटम (एक सूक्ष्म शेवाळ) येतात. ते आपोआप जातात, फक्त पाणी बदलत राहावं. हिरव्या धाग्यांचं शेवाळ मात्र गवतात गुंतण्याआधी टूथब्रशला गुंडाळून काढावं, कारण एकदा ते हेअरग्रासमध्ये विणलं गेलं की दोन्ही एकत्रच उपटली जातात. चार ते सहा आठवड्यांनी, मुळं धरल्यावर आणि अमोनिया-नायट्राइट शून्यावर आल्यावर, शेवाळ खाणाऱ्या अमानो कोळंबी सोडाव्यात. दर दहा लिटरला एक पुरते. आधी सोडल्या तर अन्न शोधताना तुकडे उपटून ठेवतात. माती उकरत हिंडणारे कोरीडोरास मासे दोन-तीन महिने थांबले तर बरं. गोल्डफिश आणि कार्पेट एका टाकीत नांदत नाहीत. समोरच्या काचेला लागून मातीच्या पातळीखाली कधी कधी निळसर-हिरवी, बुळबुळीत पट्टी दिसते. ते सायनोबॅक्टेरिया असतात, आणि काचेतून मातीवर पडणारा उजेड हे त्यांचं एक मोठं कारण. ती पट्टी काचेच्या कडेने पातळ कार्ड घालून सोडवावी, नळीने ओढून घ्यावी आणि बाहेरून काचेला मातीच्या उंचीएवढी काळी टेप लावावी.

कापणीकडे मात्र लोक उशिरा वळतात, आणि कार्पेटं मरतात ती बहुतेक इथे. तळ नुकताच भरलेला असतो, सगळीकडे एकसारखं हिरवं, दुपारनंतर प्रत्येक पानावर ऑक्सिजनचा मणी. अशा हिरवळीला कात्री लावायला हात धजावत नाही. पण नेमकी तीच वेळ असते. एचसी आणि मॉन्टे कार्लो दोन सेंटिमीटर जाड झालं की वरच्या थराची सावली खालच्याला मारायला लागते. बोटाने कार्पेट बाजूला करून पाहावं: देठ खालपर्यंत हिरवे असतील तर अजून वेळ आहे, खाली पिवळट, विरळ काड्या दिसल्या तर आजच कापावं. खालचा थर तपकिरी झाल्यावर कापलं तर उरतात नुसत्या मेलेल्या काड्या, आणि त्यातून काही फुटत नाही. म्हणून पहिली कापणी जाडीची वाट न बघता, तळ भरत असतानाच एकदा करावी. शेंडा गेला की रोप बाजूने फुटतं आणि मोकळी जागाही लवकर भरते.

कापताना फिल्टर आणि गॅस बंद. वक्र कात्रीचा फुगीर भाग मातीच्या बाजूला ठेवून, पाती जमिनीला समांतर सरकवत, सेंटिमीटरभर ठेवून बाकी काढायचं. दुसऱ्या हातात बारा मिलिमीटरची नळी. कात्री पुढे, नळी तिच्या मागोमाग, म्हणजे तुकडे टाकीभर पसरत नाहीत. बादलीच्या तोंडावर जाळी लावली की तुकडे वेगळे होतात आणि त्यातले सशक्त शेंडे रिकाम्या जागी टोचता येतात. मोठ्या टाकीत एका वेळी निम्मं कापावं, उरलेलं दहा दिवसांनी. एकदम सगळं भादरलं तर खत आणि उजेड ओढून घेणारी पानंच उरत नाहीत आणि शेवाळाला मोकळीक मिळते. कापून झालं की निम्मं पाणी बदलावं. दोन-तीन दिवस कार्पेट फिकट, ओकंबोकं दिसतं. आठवड्या-दहा दिवसांत नवा पोपटी शेंडा येतो. हेअरग्रासचं कापलेलं पातं पुन्हा वाढत नाही, टोकाशी तपकिरीच राहतं. नवं पातं बुडातून येतं. त्यामुळे ते दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत निर्धास्त कापावं आणि कापल्यावर पात्यांवरून हाताने पाणी हलवत, उठलेला गाळ नळीने ओढून घ्यावा.

तरीही एखादा तुकडा सुटून वर आलाच तर तो तसाच परत दाबून बसवू नये. खालचा मेलेला थर त्याला पुन्हा वर आणणार. तुकडा बाहेर काढावा, उलटा करावा, तपकिरी भाग कात्रीने पूर्ण कापून हिरवा सेंटिमीटर ठेवावा, त्याचे चार-चार सेंटिमीटरचे चौकोन करावेत. उघड्या पडलेल्या मातीवरचा गाळ आधी ओढून घ्यावा. मग प्रत्येक चौकोनाचा मध्य चिमट्याने खोल टोचावा आणि कडांवर दहा-पंधरा दिवस छोटे खडे ठेवावेत. त्या रात्री पाणीबदल हवाच, कारण कार्पेटखाली महिनोन्महिने अडकलेला गाळ पाण्यात मिसळलेला असतो. वर्ष-दीड वर्षानंतर ॲक्वासॉइलमधलं खत संपत येतं, दाणेही मऊ पडतात. तेव्हा रूट टॅब, म्हणजे मुळाशी पुरायच्या खताच्या गोळ्या, द्याव्यात: दहा-बारा सेंटिमीटरवर एक, चिमट्याने माती बाजूला करत तळकाचेपर्यंत खोल. वरवर ठेवलेली टॅब पाण्यात विरघळते आणि आठवड्याभरात काच हिरवी करते.

गॅसची व्यवस्था नको असेल त्याने एचसीचा हट्ट धरू नये. त्याच्यासाठी मार्सिलिया हिर्सुटा आहे. हे नेच्याच्या जातीचं, मऊ पानाचं आणि अतिशय संथ. तळाशी वीस-तीस मायक्रोमोल उजेड, मुळाशी एखादी टॅब आणि नियमित पाणीबदल एवढ्यावर ते चार-सहा महिन्यांत तळ भरतं, आणि कापणी वर्षातून दोन-तीनदा पुरते. आणताना त्याला चार पाकळ्यांची पानं असतात, पाण्याखाली नवी येतात ती बहुधा एकच पाकळी असलेली. जुनी चार पाकळ्यांची पानं लावतानाच देठाशी कापून टाकावीत आणि आडवं खोड पाव इंचापेक्षा खोल गाडू नये.